पार्लमेंटचा अबोल चिटणीस

इंग्लंडच्या पार्लमेंटचा इतिहास आपल्याकडे वाचला जातो तो बहुधा वक्त्यांचा इतिहास म्हणून. पिम, बर्क, ग्लॅडस्टन ही नावे शाळेत जाणाऱ्या मुलांनाही ठाऊक असतात. परंतु त्याच कॉमन्स सभेत अध्यक्षाच्या आसनापुढे, त्याच्याकडे पाठ करून, एका टेबलाशी जो गृहस्थ बसतो, त्याचे नाव क्वचितच कोणाच्या कानावर येते. त्याने बोलावयाचे नसते. लिहावयाचे असते आणि अध्यक्षाने मागे वळण्याची खूण केली म्हणजे हळूच सल्ला द्यावयाचा असतो.

या अधिकाऱ्यास 'क्लार्क' म्हणतात. 'कारकून' या शब्दाने मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जी कानावर बोरू ठेवलेली गरीब मूर्ती उभी राहते, तिचा येथे काही उपयोग नाही. बाळाजी आवजींच्या चिटणिशीची आठवण ठेवली, तर या पदाचा अर्थ अधिक नीट कळेल. कॉमन्सचा पहिला ज्ञात क्लार्क रॉबर्ट मेल्टन. त्याची नेमणूक १३६३ मधली. नेमणूक राजाने करावयाची, सनद राजाची, आणि चाकरी मात्र सभागृहाची, अशी ही व्यवस्था होती. राजा आणि सभागृह यांचे सख्य असेपर्यंत या दुहेरी नात्याचा कोणास त्रास झाला नाही. सतराव्या शतकात दोघांत वैर पडले, आणि टेबलाशी बसलेल्या लेखकाची कसोटी सुरू झाली.

४ जानेवारी १६४२ रोजी पहिला चार्ल्स राजा सशस्त्र माणसे बरोबर घेऊन पाच सभासदांना पकडण्यासाठी कॉमन्स सभेत शिरला. ते पाचही जण आधीच निसटले होते. त्या वेळी अध्यक्ष लेंथॉल याने गुडघे टेकून दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: सभागृह आज्ञा करील तेवढेच पाहण्यास आपल्याला डोळे आहेत, या अर्थाचे. परंतु त्याच प्रसंगी टेबलाशी दुय्यम क्लार्क जॉन रशवर्थ हा लघुलिपीत राजाचे भाषण उतरवून घेत होता, इकडे फारसे लक्ष जात नाही. राजाचे मात्र गेले होते. सायंकाळी त्याने रशवर्थला बोलावून भाषणाची प्रत मागितली. रशवर्थ मोठा सावध. सभागृहातील बोलणे राजाच्या कानी घातल्याबद्दल एका सभासदाला टॉवरच्या तुरुंगात जावे लागले होते, याची त्याने नम्रपणे आठवण करून दिली. राजा म्हणाला की, सभासद काय बोलले हे आपण विचारीतच नाही. आपण स्वतः काय बोललो तेवढेच हवे आहे. या युक्तिवादापुढे उपाय नव्हता. रशवर्थने राजासमोरच बसून प्रत तयार केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती छापूनही निघाली.

त्याच्या त्या भीतीस आधार होता. सभासदांची भाषणे कार्यवृत्तात टिपून घेण्यास क्लार्कला अधिकार नाही, असे सभागृहाने १६२८ मध्येच ठरविले होते. सभेने काय ठरविले ते लिहावे, कोण काय बोलले ते लिहू नये, असा दंडक होता. आज ही बंदी चमत्कारिक वाटेल. पण राजाच्या हाती वही पडली तर बोलणाऱ्याची मान अडकण्याचा तो काळ होता.

रशवर्थचा वरिष्ठ हेन्री एल्सिंग याने वेगळाच मार्ग पत्करला. १६४८ च्या डिसेंबरात राजावर खटला चालविण्याची चिन्हे दिसू लागताच त्याने प्रकृतीचे कारण सांगून राजीनामा दिला. खरे कारण त्याने आपल्या एका स्नेह्याजवळ बोलून दाखविले होते: राजाविरुद्धच्या त्या कामास त्याला हात लावावयाचा नव्हता. भाषण करण्याचा हक्क नसलेल्या माणसाला निषेध करण्याचा बहुधा एवढाच मार्ग उरतो.

त्याच्या जागी आलेला हेन्री स्कोबेल मात्र लिहून फसला. २० एप्रिल १६५३ रोजी क्रॉमवेलने शिपाई आणून सभा उधळली. त्या दिवशी सेनापतींनी हे पार्लमेंट विसर्जित केले, अशा अर्थाची ओळ स्कोबेलने कार्यवृत्तात घातली. घडले ते लिहिले, यात चूक ती काय? परंतु १६४१ च्या कायद्याप्रमाणे त्या पार्लमेंटच्या स्वतःच्या संमतीवाचून त्याचे विसर्जन होऊच शकत नव्हते. 'उधळले' आणि 'विसर्जित केले' या दोन शब्दांत तलवार आणि कायदा यांच्याइतके अंतर होते. पुढे तीच मंडळी परत सभागृहात बसली, आणि १६६० च्या जानेवारीत त्यांनी स्कोबेलला समोर उभे करून ती ओळ दाखविली. अक्षर आपलेच, आणि कोणी सांगितल्यावाचून आपणच ते लिहिले, असे त्याने कबूल केले. सभागृहाने ती ओळ खोडून टाकण्याची आज्ञा दिली, आणि माफीच्या कायद्यात हा अपराध बसतो किंवा नाही याचा विचार समितीकडे सोपविला. एका ओळीसाठी एवढा खटाटोप! पण ती ओळ मान्य करणे म्हणजे सात वर्षांपूर्वीच आपण मेलो असे लिहून देणे होते.

पुढच्या काळात हे पद स्थिरावले. जॉन हॅट्सेलने जुने दाखले जमवून छापले. अर्स्किन मे याने १८४४ मध्ये पार्लमेंटच्या कार्यपद्धतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तो तेव्हा सभागृहाच्या ग्रंथालयातील एक कनिष्ठ नोकर होता. १८७१ मध्ये मुख्य क्लार्क झाला. आजही त्या ग्रंथाचा उल्लेख केवळ 'मे' असा होतो. अबोलपणाची रीत तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली. नवा अध्यक्ष निवडताना सभा चालविण्याचे काम क्लार्ककडे असे. पण तोंड उघडण्याची मुभा नसल्यामुळे तो उभा राही आणि ज्याने बोलावयाचे त्याच्याकडे नुसते बोट दाखवी.

चाकरी कोणाची, हा प्रश्न हिंदुस्थानातही उभा राहिला. १९२५ मध्ये विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष निवडून आले, तेव्हा मंडळाचा चिटणीस सरकारच्याच कायदेखात्याचा माणूस होता. सरकारी बिलांवर अध्यक्षाला निःपक्षपाती सल्ला द्यावयाचा त्याने, आणि बढती मात्र सरकारच्या हाती! विठ्ठलभाईंनी हा प्रश्न धसास लावला. १९२८ मध्ये मंडळाने ठराव केला आणि १० जानेवारी १९२९ रोजी अध्यक्षाच्या देखरेखीखालील स्वतंत्र खाते निर्माण झाले. स्वतंत्र भारताच्या घटनेच्या ९८ व्या कलमाने प्रत्येक सभागृहास स्वतःचा वेगळा सेवकवर्ग दिला. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या आसनापुढे चिटणीस म्हणून बसणारे महेश्वरनाथ कौल १९४७ पासून १९६४ पर्यंत त्या पदावर होते. मावळंकरांनी दिलेले निर्णय पुढे दाखले म्हणून उद्धृत होत राहिले. कौल यांनी श्यामलाल शकधर यांच्यासह ते आपल्या ग्रंथात ग्रथित केले.