पाचोऱ्यावरून केडगावला

साल 1897. पाचोरा स्टेशनातच उभे राहा, पण पंखे, भोंगा, चहाचा स्टॉल सगळं विसरा. पायाखाली तापलेला मुरूम, नाकात कोळशाचा धूर. इंजिनाची काजळी डोळ्यात गेली ना? चोळू नका, जास्त टोचेल.

तुम्हाला इथंच उभं करण्याचं कारण आहे. जबलपूरकडून पुण्याला जायचं तर रूळ हेच: इटारसी, खंडवा, भुसावळ, पाचोरा, मनमाड, मग दौंड. मध्य प्रांतात दुष्काळ आहे आणि ख्रिस्ती समाजसुधारक पंडिता रमाबाई तिथल्या पोरी घेऊन निघाल्यात.

चढा तिसऱ्या वर्गाच्या डब्यात. आधी वास अंगावर येईल, चिघळलेल्या खरजेचा, जटा झालेल्या केसांचा, ओकारीचा. चौघींच्या बाकावर नऊ जणी कोंबल्यात. तुमच्या शेजारच्या पोरीनं भाकरीचा तुकडा ओच्यात दडवलाय. गाडीला हिसका बसला की तिचा हात पहिला तिथं जातो. तुम्ही हसून पाहिलंत तर ती तो आणखी आत सारते.

आता खिडकीबाहेर बघा. नवं लुगडं, तोंडात विडा, आवाज मधाळ. "चल गं माझ्यासंगं, पोटभर खाऊ घालते." कुंटीण आहे ती. दुष्काळ म्हणजे तिची सुगी. उपाशी पोरीला भाकरी दाखवायची आणि शहरातल्या कोठीवर नेऊन विकायची. पोरी हेरणारी अशी माणसं रमाबाईंनी दुष्काळी मुलखात पाहिली होती. त्यांच्या कामातली ही घाई मला फार मोठी वाटते: कुंटिणीच्या आधी पोहोचायचं. येशूची गोष्ट सांगायला पुढं वेळ होता, भाकरीला नव्हता.

त्या बघा रमाबाई, पांढरं सुती लुगडं, आखूड कापलेले केस. ऐकायला कमी येतं, म्हणून पोरीच्या तोंडाशी कान नेऊन बसल्यात.

पुण्यात प्लेग आहे, तेव्हा मुक्काम केडगावच्या माळावर. तंबू, गवती छपरं, घोंगावणारा वारा, तोंडात धूळ. उवांनी भरलेली डोकी भादरताना एकच रडारड. तुम्हीही एकीचं डोकं धरा. लाथ बसेल, बसू द्या.

आता दोन-तीन वर्षं पुढं सरका. माळावर वस्ती झालीय, मुक्ती तिचं नाव. त्यातच कृपासदन आहे. कुंटीण आधी पोहोचली अशा बाया इथं राहतात. गावानं दार लावलेल्या, आजारानं पोखरलेल्या. पहिल्या दिवसांत शिव्या ऐकू येतील, भांडी आपटतील, एखादी कुंपणाकडे धाव घेईल. रमाबाईंकडच्या मुलींच्या धर्मांतरावरून पुण्यात केवढा गदारोळ झाला, तो विषय आज राहू द्या. या बायांना त्या काळी दुसरं कुठलं घर उघडं होतं, एवढं मात्र स्वतःला विचारा.

पहाट झाली. प्रार्थनेचे सूर आणि जात्यांची घरघर एकदमच सुरू होते. बसा, खुंटा धरा. तळहाताला फोड येईल. समोरची बाई विचारते, "कुठलं गाव तुमचं?" पाचोरा म्हणून सांगा. तिचं गाव विचारू नका, सांगायचं तर ती आपणहून सांगेल. वैरण घाला, हात चालवा. जवळजवळ दोन हजार पानं वाढायची आहेत.