‘चौक लिहिला’
१. चौक लिहिला : मुद्रितशोधकाने येथे ‘काढला’ सुचवले होते, तो बदल केलेला नाही. वाक्य बाळकुमला कामासाठी राहिलेल्या डहाणूकडच्या वारली बाईच्या तोंडचे आहे आणि वारली बोलीत चौक लिहितात. लग्नाआधी सवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्यात काडी बुडवून तो लिहितात. मधोमध पालघट देवी. शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या. सोबत धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते.

क्रियापद जुनेच आहे. संस्कृत ‘लिख्’चा मूळ अर्थ ओरखडणे, रेघ ओढणे, उषेची चित्रे काढणारी सखी म्हणूनच चित्रलेखा. प्रमाण मराठीने पुढे वाटण्या केल्या. ‘रंगवणे’चे कर्म चित्रही होते आणि नुसती भिंतही, ‘लिहिणे’ मात्र अक्षरांकडे गेले. रांगोळीने ‘काढणे’ आणि ‘घालणे’ दोन्ही राखले, हा तिचा हट्ट.

१९७०च्या दशकात जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांच्या हातून ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली व शहरी मराठीत ती ‘वारली पेंटिंग’ झाली. प्रस्तुत प्रसंग त्याआधीचा आहे. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते; पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. — संपा.