गेलेल्या ड्राइव्हचं अक्षर अडकतं कुठं?

आमच्या पूनम सागरमधले एक काका लग्नाचे फोटो काढतात. दर सीझनला नवी एक्स्टर्नल हार्ड डिस्क. परवा विचारत होते, "अरे, नवीन डिस्क लावली की थेट 'एम' येतं. मधली अक्षरं गेली कुठं?"

उत्तर जुनं आहे. 1970च्या दशकात गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एममध्ये डिस्क ओळखायच्या त्या 'ए', 'बी' अशा अक्षरांनी. 1981 मध्ये आयबीएम पीसीसोबत आलेल्या डॉसने तीच पद्धत उचलली. 'ए' आणि 'बी' फ्लॉपीला. 1983 च्या पीसी एक्सटीमध्ये 10 एमबीची हार्ड डिस्क आली, ती झाली 'सी'. फ्लॉपी गेली, 'सी' तिथंच राहिलं.

मग यूएसबीचा जमाना आला, डिस्क येऊ-जाऊ लागल्या. विंडोज 2000 ने रजिस्ट्रीत 'माउंटेड डिव्हायसेस' नावाची वहीच ठेवली: कुणाला कोणतं अक्षर दिलंय. डिस्क काढली तरी नोंद राहते. भाडेकरू गेला, पण दारावरची पाटी तशीच! आणि अक्षरं तर 26च.

नोंदी पुसायला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, टाका: माउंटव्हॉल, स्पेस, स्लॅश, आर. डिस्कवरचा डेटा जात नाही.

पण थांबा! काकांचा बॅकअप 'जी'वर जातो. ती डिस्क लावलेली नसताना कमांड चालवली, तर उद्या 'जी' एखाद्या पेन ड्राइव्हला मिळेल आणि कुणाच्या तरी लग्नाचे फोटो भलतीकडेच जातील. म्हणून कामाच्या डिस्क आधी लावा, मगच जुन्या पाट्या काढा.