स्वयंसेवी वितरित संगणन

घरातल्या, कचेरीतल्या किंवा प्रयोगशाळेतल्या संगणकाचा रिकामा वेळ मालकाने आपखुशीने वैज्ञानिक आकडेमोडीसाठी देणे आणि अशा हजारो-लाखो यंत्रांवर एकच मोठे गणित वाटून सोडवणे, अशी ही पद्धत आहे. प्रकल्पाचा सर्व्हर गणिताचे लहान तुकडे पाडतो. संगणकावर बसवलेला ‘क्लायंट’ हा प्रोग्राम इंटरनेटवरून तुकडा उतरवून घेतो, सोडवतो आणि उत्तर परत पाठवतो. अनोळखी यंत्राच्या उत्तरावर एकदम विसंबता येत नाही, म्हणून बरेच प्रकल्प एकच तुकडा दोन वेगळ्या संगणकांना देतात आणि उत्तरे जुळली तरच ती स्वीकारतात. देणाऱ्याला मोबदला नसतो. त्याचे वीजबिल, त्याचे यंत्र आणि त्याची सदिच्छा एवढ्याच भांडवलावर हा सारा व्यवहार चालतो. म्हणून क्लायंट सॉफ्टवेअर त्याच्याशी कसे बोलते, हा येथे पद्धतीच्या गाभ्याचा प्रश्न ठरतो.

इतिहास : मर्सेन मूळ संख्या शोधणारा ‘गिम्प्स’ हा उपक्रम जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केला. तो आजही चालू असून २०२४ मध्ये त्यातून ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या सापडली. १९९७ मध्ये डिस्ट्रिब्युटेड डॉट नेट आले. सामान्य माणसाच्या घरात ही कल्पना पोचवली ती परग्रहांवरील बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणाऱ्या सेटी अ‍ॅट होमने. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून डेव्हिड अँडरसन, डॅन वर्दिमर आणि सहकाऱ्यांनी हा प्रकल्प १७ मे १९९९ रोजी खुला केला. पोर्तो रिकोतील आरेसिबो रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या १४२० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या अडीच मेगाहर्ट्झ पट्ट्याचे २५६ भाग पाडले जात. एकेक तुकडा सुमारे १०७ सेकंदांच्या नोंदीचा, साधारण साडेतीनशे किलोबाइटचा असे. टेलिफोनवरून जोडल्या जाणाऱ्या त्या काळच्या मोडेमलाही तो पेलत असे. संगणक रिकामा राहिला की पडद्यावर रंगीत त्रिमितीय आलेख उमटे. एक प्रोग्राम, एक उद्दिष्ट आणि एक चित्र, एवढाच त्याचा पसारा होता. संगणक काय करतो आहे हे घरातल्या लहान मुलालाही दिसत होते. पन्नास लाखांहून अधिक लोकांनी यात नाव नोंदवले. ३१ मार्च २०२० रोजी प्रकल्पाने नवे काम पाठवणे थांबवले.

बॉइंक : सेटीच्या अनुभवावरून अँडरसन यांनी २००२ पासून बर्कली येथे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या साहाय्याने ‘बॉइंक’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विकसित केले. कोणत्याही शास्त्रज्ञाला आपला प्रकल्प त्यावर उभारता यावा आणि स्वयंसेवकाला एकाच क्लायंटमधून अनेक प्रकल्पांना वेळ देता यावा, हा त्यामागचा हेतू होता. २००४ पासून प्रकल्प त्यावर येऊ लागले. सेर्नच्या प्रवेगकासाठीचा एलएचसी अ‍ॅट होम, हवामानाची प्रारूपे चालवणारा क्लायमेटप्रेडिक्शन, प्रथिनांच्या घड्यांसाठीचा रोझेटा अ‍ॅट होम, आयबीएमने सुरू केलेले आणि २०२१ मध्ये टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे गेलेले वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड हे त्यांतील प्रमुख होत. जुना स्वतंत्र सेटी क्लायंट डिसेंबर २००५ मध्ये बंद झाला आणि त्याच्या स्वयंसेवकांना बॉइंककडे वळावे लागले. सर्व्हरच्या बाजूने पाहता बॉइंक ही मोठी रचना आहे. बेभरवशाच्या, कधीही बंद पडणाऱ्या यंत्रांकडून विश्वासार्ह उत्तर काढून घेण्याचा प्रश्न तिने सोडवला. पण सेटीचे एका चित्राचे घर सोडून आलेल्या माणसासमोर आता प्रकल्पांची यादी, तक्ते आणि पर्याय उभे राहिले.

वापरातील अडचणी : बॉइंकच्या आरंभीच्या आवृत्त्यांत प्रकल्पाला जोडून घेण्यासाठी ई-मेलने आलेली बत्तीस अक्षरांची किल्ली चिकटवावी लागे. पुढे ई-मेल व संकेतशब्द आले, तरी खाते प्रत्येक प्रकल्पाचे वेगळेच राहिले.

पसंतीच्या नोंदी कोठे राहतात, हा सर्वांत जास्त गोंधळ उडवणारा भाग आहे. संगणकाचे किती कोर वापरायचे, कोणी काम करत असताना थांबायचे की नाही, डिस्कवर किती जागा घ्यायची, हे सारे प्रकल्पाच्या संकेतस्थळावरही ठरवता येते आणि संगणकावरच्या ‘बॉइंक मॅनेजर’ या नियंत्रणाच्या खिडकीतही. मॅनेजरमधल्या खिडकीत एकदा ‘सेव्ह’ दाबले की त्या यंत्रापुरत्या संकेतस्थळावरच्या नोंदी निरुपयोगी होतात. त्या संगणकावर एक छोटी फाइल तयार होते आणि ती असेपर्यंत तिचेच चालते. स्वयंसेवक संकेतस्थळावर जाऊन आकडे बदलत राहतो, संगणक ढिम्म हलत नाही. उपाय म्हणजे ‘यूज वेब प्रेफ्स’ हे बटण. नव्या आवृत्त्यांत खिडकीच्या माथ्यावर तशी सूचना असते, पण दोन ठिकाणी दोन सत्ता ही मूळ रचना कायम आहे. त्यावर पुन्हा घर, शाळा आणि कार्यालय असे संगणकांचे गट असून प्रत्येक गटाच्या पसंती निराळ्या ठेवता येतात. शंभर यंत्रे सांभाळणाऱ्या माणसाला ही सोय आहे. एकच संगणक असलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही.

‘रिझोर्स शेअर’ या आकड्याविषयीही असेच होते. नव्या प्रकल्पाला तो आपोआप १०० मिळतो. दोन प्रकल्प जोडले तर दोन्हींच्या संकेतस्थळांवर १०० दिसते आणि वाचणारा त्याला टक्के समजतो. प्रत्यक्षात ते केवळ गुणोत्तर आहे, आणि तेही आजच्या दिवसाचे नव्हे तर दीर्घ काळाच्या सरासरीचे. त्यामुळे दोन दिवस एकच प्रकल्प धावतो व दुसरा हलत नाही, तेव्हा क्लायंट जुनी बाकी फेडत असतो. पडद्यावर तसे कोठेही लिहिलेले नसते. स्वयंसेवक दुसरा प्रकल्प बिघडला असे समजून तो काढून टाकतो आणि त्याबरोबर अर्धवट सोडवलेले तुकडेही जातात.

‘टास्क्स’ या पानावरची एक ओळ जवळून पाहण्यासारखी आहे. तीत प्रकल्पाचे नाव, किती टक्के झाले, किती वेळ लागला, किती उरला, मुदत कधीची आणि स्थिती काय, असे रकाने असतात. स्थितीच्या रकान्यात ‘वेटिंग टू रन’ आले तर काम सुरू झाले होते पण क्लायंटने ते बाजूला ठेवले. ‘रेडी टू स्टार्ट’ म्हणजे अजून हातच लावलेला नाही. ‘रेडी टू रिपोर्ट’ म्हणजे उत्तर पोचले, पण सर्व्हरला तसे कळवायचे राहिले. तिन्ही स्थितींत सारे सुरळीत असते, पण नवख्याला तिन्ही ठिकाणी काम अडकल्यासारखे दिसते. उरलेल्या वेळाचा अंदाज नव्या प्रकल्पात फारच चुकतो, कारण क्लायंट प्रकल्पाने सांगितलेल्या आकडेमोडीला यंत्राच्या मोजलेल्या वेगाने भागतो आणि काही तुकडे पुरे झाल्यावरच तो अंदाज सुधारतो. तीन तास उरल्याचे सांगणारी ओळ दुसऱ्या दिवशीही तीन तासच सांगते, तेव्हा माणसाचा तिच्यावरचा विश्वास उडतो.

थांबवण्याचेही अनेक मार्ग आहेत आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत. एक तुकडा थांबवता येतो, सबंध प्रकल्प थांबवता येतो, ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ या यादीतून सारे संगणन थांबवता येते, आणि घड्याळाजवळच्या चिन्हावरून ‘स्नूझ’ म्हणून एक तास विश्रांती देता येते. खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबल्याने यातले काहीच होत नाही. खिडकी जाते, संगणन चालूच राहते. देणाऱ्याला दान केव्हाही परत घेता आले पाहिजे, या दृष्टीने सबंध रचनेतली ही सर्वांत गंभीर उणीव मानावी लागेल.

उष्णतेसंबंधीची तरतूदही तंत्रज्ञाच्या भाषेत आहे. ‘प्रोसेसर्सचे अमुक टक्के’ आणि ‘सीपीयू वेळेचे अमुक टक्के’ असे दोन आकडे एकाखाली एक येतात. पहिल्याने किती कोर वापरायचे ते ठरते. दुसऱ्याने सर्व काम थोड्या थोड्या वेळाने थांबवून पुन्हा सुरू केले जाते. दुसरा आकडा साठ केला की संगणक मंदावण्याऐवजी धावतो-थांबतो, आणि काही यंत्रांत पंख्याचा आवाजही त्याबरोबर चढत-उतरत राहतो. तापमान पाहून काम कमी करण्याची सोय मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही. त्यासाठी इतरांनी लिहिलेला वेगळा प्रोग्राम लागतो.

आभासी यंत्रावर चालणारी कामे, उदाहरणार्थ एलएचसी अ‍ॅट होममधील काही, व्हर्च्युअलबॉक्स बसवल्याशिवाय आणि संगणकाच्या बायोसमध्ये योग्य तो पर्याय चालू असल्याशिवाय चालत नाहीत.

महाराष्ट्र व गुजरात : या पद्धतीशी मराठी मुलखाचा सर्वांत जवळचा संबंध गुरुत्वीय लहरींच्या शोधातून येतो. लहरीचा क्षीण संकेत गोंगाटातून काढण्यासाठी अपेक्षित आकारांचे असंख्य नमुने नोंदीशी ताडून पाहावे लागतात. पुण्याच्या आयुका या संस्थेतील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या जोडताऱ्यांसाठी असे नमुने कसे निवडावेत याचा पाया घालणारा निबंध प्रसिद्ध केला. स्वतःभोवती फिरणाऱ्या एकट्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या अखंड लहरींचा शोध याहून कितीतरी जड आहे. दिशा, वारंवारता आणि तिचा मंदावण्याचा वेग या सर्वांच्या जोड्या तपासायच्या म्हटल्या तर कोणतीही एक संगणकशाळा पुरत नाही. या कामासाठी ब्रूस ॲलन यांच्या नेतृत्वाखाली १९ फेब्रुवारी २००५ रोजी आइनस्टाइन अ‍ॅट होम हा बॉइंकवरील प्रकल्प सुरू झाला. अखंड लहर अद्याप सापडलेली नाही. मात्र त्याच संगणकांनी आरेसिबोच्या नोंदी चाळून २०१० मध्ये पीएसआर जे२००७+२७२२ हा सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणारा पल्सार शोधला. ज्यांच्या यंत्रांवर तो सापडला ते स्वयंसेवक अमेरिकेतील आयोवा राज्यात आणि जर्मनीतील माइंत्समध्ये राहत होते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी मिळाली. तिच्या सहभागी संस्थांत आयुकाबरोबर गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्थाही आहे. या वेधशाळेच्या नोंदी येऊ लागतील तेव्हा मराठी घरांतल्या संगणकांना या कामात सहभागी होण्याचे कारण अधिक आपुलकीचे असेल.

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींवर आधारलेला रॅड अ‍ॅट होम हा भारतीय उपक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात माणसे स्वतः चित्रे तपासतात. नावातले साम्य सोडले तर तो वितरित संगणनाचा प्रकार नव्हे. सी-डॅकचे ‘गरुड’ हे संगणकांचे जाळे संस्थांचे होते, घरांचे नव्हते.

घरगुती वापराच्या दृष्टीने दोन्ही राज्यांतली परिस्थिती सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर नव्हती. महाराष्ट्रात २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत दिवसातून अनेक तास वीज जाई. तुकडा मधूनमधून आपली प्रगती डिस्कवर नोंदवतो, पण किती वेळाने नोंदवायची हे प्रत्येक प्रकल्पाच्या प्रोग्रामवर अवलंबून असते. शेवटच्या नोंदीनंतरचे काम वीज गेली की वाया जाते, आणि पडद्यावर टक्केवारी मागे गेलेली दिसते तेव्हा कारण सांगितले जात नाही. आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या हवामान-प्रारूपांना याचा फटका अधिक. सुरतेत अडचण निराळी आहे. तापीकाठच्या त्या दमट शहरात, उधना-लिंबायतसारख्या मराठी आणि अहिराणी बोलणाऱ्या कामगारांच्या वस्तीत, एका खोलीच्या घरात संगणक असतो तो झोपण्याच्या जागेतच. बॉइंक मुळात रिकाम्या वेळेत, म्हणजे घर झोपलेले असताना, जोमाने काम करते, आणि संगणकाची उष्णता व पंख्याचा आवाज झोपणाऱ्यांना सोसावा लागतो. पाळीवरून येऊन दुपारी झोपणाऱ्या माणसासाठी तर ती वेळ दिवसाही येते. ठरावीक तासांतच चालण्याची सोय आहे, ती ‘डेली शेड्यूल्स’ या वेगळ्या पानावर. अशा घरासाठी ती पहिल्याच पडद्यावर विचारायला हवी होती.

गुणांकन : सोडवलेल्या कामासाठी ‘कॉबलस्टोन’ या एककात गुण मिळतात, हे नाव सेटीच्या जेफ कॉब यांच्यावरून पडले. प्रकल्पाप्रकल्पांतील गुण तुल्य आहेत की नाहीत याविषयी मतभेद आहेत.

मोबाइल : अँड्रॉइडसाठी बॉइंक २०१३ मध्ये आले. पसंती बदलल्या नाहीत तर फोन चार्जिंगला आणि बॅटरी बरीच भरलेली असेल तेव्हाच ते गणित करते, आणि तुकड्यांची ने-आण वाय-फायवरूनच करते.

वीजखर्च : रिकामा संगणक आणि पूर्ण भाराने चालणारा संगणक यांच्या वीजवापरात मोठा फरक पडतो; बॉइंक मॅनेजर तो दाखवत नाही.

सुधारणेचे प्रयत्न : बॉइंक मॅनेजरला साधा आणि प्रगत असे दोन चेहरे देण्यात आले. साध्या चेहऱ्यात तक्ते नाहीत, पण काही बिघडले की उत्तर प्रगत चेहऱ्यातच, बहुधा ‘इव्हेंट लॉग’मध्ये शोधावे लागते. फोल्डिंग अ‍ॅट होम या २००० साली स्टॅनफर्डमध्ये विजय पांडे यांनी सुरू केलेल्या आणि बॉइंकबाहेर राहिलेल्या प्रकल्पाने हलके, मध्यम व पूर्ण असे तीन टप्प्यांचे एकच सरकते नियंत्रण ठेवले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत त्याच्याकडे इतके लोक आले की एकूण गणनशक्ती एक एक्झाफ्लॉपच्या (सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या आकडेमोडींच्या) पुढे गेली आणि सर्व्हरकडे वाटायला काम पुरेना. लोकांची इच्छा आटलेली नव्हती, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

रोझेटा अ‍ॅट होमच्या बाबतीत पडद्यावरच्या चित्रानेच दिशा दिली. प्रथिनाची घडी पडताना पाहणाऱ्या स्वयंसेवकांना ती आपल्याला याहून बरी घालता येईल असे वाटू लागले, आणि त्यातून २००८ मध्ये ‘फोल्डइट’ हा खेळ तयार झाला. ज्या डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेतून हे प्रकल्प निघाले त्यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अँडरसन यांनी पुढे ‘सायन्स युनायटेड’ ही व्यवस्था आणली. तीत स्वयंसेवक प्रकल्प निवडत नाही. खगोलशास्त्र, वैद्यक, हवामान यांपैकी कोणती विद्याशाखा आवडते एवढेच तो सांगतो, एकच खाते काढतो, आणि कोणत्या प्रकल्पाला केव्हा जोडायचे हे व्यवस्था ठरवते. प्रकल्प बंद पडला वा नवा निघाला तरी त्याला काही करावे लागत नाही. स्वतः प्रकल्प निवडू इच्छिणाऱ्यांसाठी बॉइंकची नेहमीची वाट तशीच उघडी ठेवली आहे.