हिंगोली परिसरातील बंजारा तांडे : स्थलांतर, शासकीय नोंद आणि अस्मिता

प्रस्तावना :
स्थलांतरित समूहांच्या वांशिक अस्मितेची चर्चा बहुधा अमेरिकेच्या इतिहासाच्या आधारे केली जाते. तेथील १७९० च्या कायद्याने नागरिकत्व स्वीकारण्याचा हक्क 'मुक्त गोऱ्या व्यक्तीं'पुरता ठेवला होता. पंजाबातून गेलेले भगतसिंग थिंद यांनी आपण आर्यवंशीय, म्हणून गोरे आहोत, असा दावा केला. १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. १९२० ते १९४० या काळातील जनगणनांत हिंदुस्थानातून आलेली व्यक्ती शीख असो वा मुसलमान, तिचा वंश 'हिंदू' असा नोंदविला जाई. १९७० मध्ये याच लोकांची गणना गोऱ्यांत झाली आणि १९८० मध्ये त्यांच्यासाठी 'एशियन इंडियन' हा स्वतंत्र रकाना आला. माणसे तीच होती. रकाने बदलत गेले. समूहाची ओळख त्याच्या भाषा-वेशाइतकीच राज्यसंस्थेच्या नोंदवहीतही घडते, हे या उदाहरणावरून दिसते. हिंगोली जिल्ह्यातील बंजारा तांड्यांचा इतिहास याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

तांडा : फिरता आणि स्थिर
बंजारा समाजाची परंपरा आपले मूळ राजस्थानात सांगते. दक्षिणेत हा समाज आला तो व्यापाराच्या आणि लष्करी रसदेच्या वाटेने. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला धान्याने लादलेल्या चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन त्याच शतकातील फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये यानेही केले आहे. धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ यांची वाहतूक चार वेगळ्या गटांत वाटलेली होती, असे तो नोंदवितो. मोगलांची दख्खन मोहीम असो वा पुढील निजामी-मराठी लढाया, सैन्याच्या पोटाची व्यवस्था बऱ्याच अंशी या बैलांच्या पाठीवर होती. हिंगोली येथे निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. अशा ठाण्यांच्या आणि बाजारपेठांच्या भोवतीच तांड्यांच्या वाटा जात.

रेल्वेने हा व्यवसाय मोडला. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद-मनमाड मार्ग पूर्ण झाला, पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाला आणि बैलांच्या पाठीवरून मीठ आणण्याचे कारण उरले नाही. दुसरीकडे, ब्रिटिश मुलखात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरस्त्या समूहांना संशयित ठरविले होते. निजामाच्या राज्यातही लंबाड्यांवर अशीच पाळत होती. ज्या फिरण्यावर एके काळी बादशाही फौजा जगत, तेच फिरणे आता अपराधाचे लक्षण मानले गेले. तांडे हळूहळू माळरानाच्या, डोंगरउताराच्या हलक्या जमिनींवर स्थिरावले. गावाची काळी जमीन आधीच वाटली गेली होती. तांडा मूळ गावापासून अंतरावर का असतो, याचे उत्तर केवळ रूढीत शोधणे पुरेसे नाही. ते जमीनधारणेतही आहे.

नाव आणि वेश
हा समाज स्वतःला 'गोर' आणि इतरांना 'कोर' म्हणतो. नायक आणि कारभारी यांची न्यायव्यवस्था, तीज, होळीच्या लेंगी, सेवालाल महाराजांची भक्ती आणि शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवीची यात्रा यांनी ही सीमारेषा टिकवून ठेवली. मात्र नावांत वेगळी प्रक्रिया दिसते. राठोड, पवार, चव्हाण ही कुळनावे मराठी परिसरात सहज मिसळली; 'वडतिया' कुळातील अनेक कुटुंबे तर 'जाधव' लिहू लागली. अमेरिकेतील एलिस बेटावरील अधिकाऱ्यांनी स्थलांतरितांची नावे बदलली, असा लोकप्रवाद आहे. इतिहासकारांना त्यास आधार आढळलेला नाही. बहुतेकांनी ती पुढे स्वतःच, व्यवहाराच्या सोयीसाठी बदलली. तांड्यांतील नावांकडेही याच दृष्टीने पाहणे योग्य ठरेल. फेटिया-कांचळी वयस्क स्त्रियांपुरती उरली, हा बदल त्याहून दुःखद म्हणता येईल. पण शाळेत, बाजारात आणि उसाच्या फडावर लोकांच्या नजरा कोणाला सोसाव्या लागत होत्या, हे विसरून त्याबद्दल हळहळ करणे सोपे आहे.

सीमा आणि याद्या
१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती; ती मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आली (स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी). एकाच समाजाचे नातेवाईक तीन राज्यांत विभागले गेले. आज तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत, कर्नाटकात बंजारा-लंबाणी अनुसूचित जातीत, तर महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जाती (अ) या प्रवर्गात आहेत. सोयरिक सीमेपलीकडे होते; प्रमाणपत्र सीमा ओलांडत नाही. आंध्रातील अनुसूचित जमातीचा दर्जा मुंबईत स्थलांतरित झाल्यावर लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये एका वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात दिला.

शासनाने २ सप्टेंबर २०२५ रोजी मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केल्यानंतर बंजारा समाजाने त्याच आधारे अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी करीत मराठवाड्यात मोर्चे काढले. या संदर्भात एक गल्लत दूर होणे आवश्यक आहे. निजामकालीन ग्रंथांत 'जमात' असा उल्लेख असणे आणि घटनात्मक यादीत समावेश असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९५० च्या आदेशातील हैदराबाद राज्याच्या यादीत आंध, भिल्ल, गोंड, कोलाम इत्यादी होते, लंबाडा नव्हते. तेलंगणा भागातील लंबाड्यांचा समावेश १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने झाला. म्हणजे अन्याय झाला असेल, तर तो १९५६ च्या सीमेत जितका आहे, त्याहून अधिक १९७६ च्या त्या दुरुस्तीत आहे, जिने सीमेच्या एकाच बाजूला दिले.

या प्रश्नाला स्थानिक दुसरी बाजूही आहे. कळमनुरी व औंढा नागनाथ तालुक्यांत आंध आदिवासींची वस्ती आहे. आपल्या वाट्यात नवा भागीदार येण्यास आदिवासी संघटनांचा विरोध आहे. तेलंगणात २०१७ मध्ये गोंड व लंबाडा यांच्यात उसळलेला संघर्ष पाहता ही भीती निराधार म्हणता येत नाही. १९६५ च्या लोकुर समितीने जमातीच्या निकषांत भौगोलिक अलगपणा आणि इतरांशी संपर्क टाळण्याची वृत्ती यांचा समावेश केला. ज्या समाजाचा संपूर्ण इतिहास बाजारपेठा जोडण्याचा आहे, त्याला आता आपण सर्वांपासून अलग होतो, असे सिद्ध करावे लागत आहे. आणि त्यासाठी पुरावा द्यावयाचा तो वसाहतकालीन व निजामी अधिकाऱ्यांच्या लेखनातून. याच अधिकारीवर्गाने त्याला गुन्हेगारही ठरविले होते.

भाषेचा रकानाही असाच आहे. 'बंजारी' आणि 'लमाणी/लंबाडी' या दोन नोंदींखाली विभागलेली गोरबोली जनगणनेत हिंदीच्या अंतर्गत मोजली जाते. आगामी जनगणनेत सर्व जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र शासनाने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. त्या वेळी प्रगणक तांड्यावर येईल तेव्हा जातीचा रकाना सर्वांच्या लक्षात राहील. मातृभाषेच्या रकान्यात काय सांगावयाचे, याची चर्चा मोर्चांच्या मागण्यांत फारशी ऐकू आली नाही.