नॉर्वेजियन पूर्वजांचा शोध आणि बदलती आडनावे

नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्या पूर्वजांचा शोध बहुधा आडनावापाशीच अडतो. ग्रामीण नॉर्वेत वंशपरंपरागत आडनाव सहसा नसे. १९२३ च्या कायद्याने ते बंधनकारक झाले. लार्सचा मुलगा ओले हा ‘लार्सेन’ आणि त्याची बहीण ‘लार्सडाटर’. ओलेची मुले मात्र ‘ओल्सेन’ व ‘ओल्सडाटर’. त्यापुढे शेतवाडीचे नाव लागे. तो खरे तर पत्ताच. कुटुंबाने वाडी सोडली की नावही सुटे. अमेरिकेत एका भावाने पितृनाम धरले, दुसऱ्याने वाडीचे. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावे भिन्न आढळतात. ‘ली’ या आडनावाचे नॉर्वेजियन स्पेलिंग इंग्रजीत ‘असत्य’ असे वाचले जाई, तेव्हा अनेकांनी ते बदलून घेतले! एलिस बेटावरील अधिकाऱ्यांनी नावे बदलली, ही मात्र दंतकथा होय. ते जहाजाच्या यादीवरूनच तपासणी करीत.

म्हणून आडनाव बाजूस ठेवून व्यक्तीचे व पित्याचे नाव, जन्मतारीख आणि पॅरिश यांची सांगड घालावी. अमेरिकेतील नॉर्वेजियन ल्यूथरन चर्चच्या दप्तरात जन्मस्थान अनेकदा नोंदलेले असते. ते हाती आल्यास नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘डिजिटालआर्किवे’ या संकेतस्थळावर चर्चच्या नोंदवह्या आणि १८६५ व १९०० च्या जनगणना विनामूल्य पाहता येतात.