आभासी होस्टिंग

आभासी होस्टिंग किंवा व्हर्च्युअल होस्टिंग ही एकाच वेब सर्व्हरवरून अनेक डोमेन नावांची संकेतस्थळे चालवण्याची पद्धत आहे. सामायिक होस्टिंग सेवा प्रामुख्याने याच पद्धतीवर आधारलेल्या असतात.

पार्श्वभूमी

डोमेन नाव प्रणाली नावावरून आयपी पत्ता शोधून देते आणि ब्राउझर त्या पत्त्याशी जोडणी करतो. जोडणीत केवळ पत्ता असतो, नाव नसते. एचटीटीपीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनुसार विनंतीत फक्त पानाचा मार्ग पाठवला जाई. त्यामुळे प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र आयपी पत्ता द्यावा लागे. आयपीव्ही४ प्रणालीत पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला.

जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ च्या विनिर्देशाने विनंतीत 'होस्ट' हे शीर्षक बंधनकारक केले. ते नसल्यास सर्व्हरने ४०० क्रमांकाचा त्रुटी-प्रतिसाद द्यावा, असा नियम आहे.

प्रकार

* नावाधारित: अनेक नावे एकाच आयपी पत्त्यावर असतात, निवड होस्ट शीर्षकावरून होते.
* पत्ताधारित: सर्व्हरला अनेक आयपी पत्ते असतात व प्रत्येक संकेतस्थळाला त्यांपैकी एक दिला जातो.
* पोर्टआधारित: पत्ता एकच असतो, पण पोर्ट क्रमांक वेगळे असतात.

कार्यपद्धती

अपाचे सर्व्हरमध्ये प्रत्येक संकेतस्थळासाठी 'व्हर्च्युअलहोस्ट' विभाग, तर एनजिनएक्समध्ये 'सर्व्हर' विभाग लिहितात. त्यात डोमेन नाव आणि फाइलींची निर्देशिका नमूद केलेली असते. विनंतीतील नाव कोणत्याही विभागाशी जुळले नाही, तर वेगळी सूचना नसल्यास त्या पत्त्यासाठीचा पहिला विभाग वापरला जातो. त्यामुळे मांडणीत नाव चुकल्यास त्रुटीऐवजी दुसरेच संकेतस्थळ दिसू शकते.

कूटबद्ध जोडणी

एचटीटीपीएसमध्ये होस्ट शीर्षक कूटबद्ध असते. मात्र जोडणी कूटबद्ध होण्यापूर्वीच सर्व्हरला योग्य प्रमाणपत्र सादर करावे लागते. ही अडचण दूर करण्यासाठी २००३ मध्ये 'सर्व्हर नेम इंडिकेशन' हा टीएलएसचा विस्तार मांडण्यात आला. त्यानुसार ब्राउझर डोमेन नाव पहिल्याच संदेशात कळवतो. विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोररला हा विस्तार समजत नसल्याने त्याचा प्रसार लांबला.

हे नाव उघड्या स्वरूपात जात असल्याने मजकूर सुरक्षित राहिला, तरी वापरकर्ता कोणत्या संकेतस्थळाला भेट देत आहे हे मधल्या जाळ्याला कळू शकते. नाव पाहून संकेतस्थळ रोखणेही त्यामुळे शक्य होते. 'एन्क्रिप्टेड क्लायंट हॅलो' हा विस्तार ही उणीव दूर करण्यासाठी तयार करण्यात आला आहे.

देवनागरी डोमेन नावे

२०१४ पासून उपलब्ध असलेल्या '.भारत' या डोमेनखालील देवनागरी नावे प्रत्यक्ष विनंतीत 'प्युनीकोड' या रूपात, म्हणजे रोमन अक्षरे, अंक व जोडरेषा यांत पाठवली जातात. सर्व्हरच्या मांडणीतही हेच रूप लिहिणे सुरक्षित असते.

मर्यादा

एकाच सर्व्हरवरील संकेतस्थळे स्मृती, प्रक्रियाक्षमता आणि आयपी पत्ता वाटून घेतात. एका संकेतस्थळावर अचानक गर्दी झाल्यास इतरही मंदावू शकतात. तसेच एका संकेतस्थळावरील कारवाईसाठी आयपी पत्ताच रोखला गेल्यास, त्याच्याशी काहीही संबंध नसलेली शेजारची संकेतस्थळेही बंद पडतात.